कमरेला काय आहे ते दिसत नाही

ह्यूस्टनला येऊन मला एकवीस वर्षं झाली. नवं कुटुंब आलं की आम्ही पहिल्याच आठवड्यात त्यांना जेवायला बोलावतो, आणि वरणभात ताटात पडायच्या आत तो प्रश्न येतोच: "काका, इथे खरंच सगळ्यांकडे बंदूक असते का?" सगळ्यांकडे नसते. पण कोणाकडे आहे ते तुम्हाला कळणार नाही. किराणा दुकानात तुमच्या मागे उभी असलेली आजी, मुलीचा सॉकर कोच, मेंदी लावायला येणारी बाई, कोणाच्याही पर्समध्ये किंवा शर्टाखाली पिस्तूल असू शकतं, आणि कायद्याने त्यात काही वावगं नाही.

बँक, लायसन, मुलांच्या लशी यांबद्दल सांगायला इथे पावलोपावली मराठी माणूस भेटेल. शाळांच्या रँकिंगवर तर रात्रभर बोलतील. पुढचं मात्र कोणी सांगत नाही, म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी माझा मूर्खपणा. २००६ साल. मी एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर. शुक्रवारी दुपारी टीममधले चारजण म्हणाले, चल, तुला खरं टेक्सास दाखवतो. जेवण झालं आणि सगळे शूटिंग रेंजवर. काउंटरवरच्या मुलाने ड्रायव्हिंग लायसन बघितलं, एका कागदावर सही घेतली, भाड्याने नऊ एमएमचं पिस्तूल हातात दिलं. तीसेक गोळ्या झाडल्या. भोकं पडलेला कागद घरी आणून फ्रिजवर लावला आणि फोटो सांगलीला पाठवला. आईने फोनवर विचारलं, "त्याला परवाना नको का रे?" मी हसलो. म्हटलं, आई, हे अमेरिका आहे.

आईचा प्रश्न बरोबर होता. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार, १९९८ पासून, एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा गोळी बाळगणं हा गुन्हा आहे. मोजके अपवाद आहेत, त्यांच्याकडे येतो. 'बाळगणं' म्हणजे विकत घेणंच असं नाही. रेंजवर दहा मिनिटं हातात धरलं तरी ते बाळगणंच. २०२२ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा पंधरा वर्षं आहे. आधी दहा होती.

मला कोणी पकडलं नाही. पण ग्रीनकार्डाच्या अर्जात प्रश्न होता की तुम्ही कधी शस्त्र चालवण्याचं प्रशिक्षण घेतलंय का. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात आणखी एक: ज्यासाठी अटक झाली नाही असा एखादा गुन्हा तुम्ही कधी केलाय का? शपथेवर उत्तर द्यायचं. हे वाचून मी वकिलाला रेंजची गोष्ट सांगितली तेव्हा तो फोनवर इतका वेळ गप्प बसला की लाइन कट झाली असं मला वाटलं. दोन वकील, अठ्ठावीसशे डॉलर आणि आठ महिने झोपेचं खोबरं. बायको आजही म्हणते, त्या कागदाची फ्रेम करायला हवी होती, एवढा महाग कागद घरात दुसरा नाही. निभावलं, पण तुमचं निभावेल याची हमी मी देणार नाही.

तरी दरवर्षी कोणीतरी नवा मुलगा रेंजवरचा फोटो फेसबुकवर टाकतोच. काउंटरवरचा मुलगा व्हिसा विचारेल अशा भरवशावर राहू नका. त्याने विचारलं नाही म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला २०१९चा रेहाइफ खटला असाच. रेहाइफ विद्यार्थी व्हिसावर आलेला. मार्क कमी पडले म्हणून विद्यापीठाने काढून टाकलं, व्हिसाचा दर्जा गेला, आणि त्यानंतर त्याने फ्लोरिडात रेंजवर जाऊन गोळ्या झाडल्या. एवढ्यावर अठरा महिन्यांची शिक्षा. आपला दर्जा गेलाय हे त्याला माहीत होतं, हेही सरकारने सिद्ध करायला हवं, असं कोर्टाने शेवटी म्हटलं, पण तोवर त्याचं जे व्हायचं ते झालंच.

आता 'जाणकार' मंडळींचे दोन सल्ले. पहिला: "हंटिंग लायसन काढ, मग चालतं." कायद्यात तसा अपवाद खरोखर आहे. पण टेक्सासचं हंटिंग लायसन ३१ ऑगस्टला संपतं. विसरलात तर १ सप्टेंबरला सकाळी तुम्ही झोपेतून उठाल ते गुन्हेगार म्हणूनच. ज्याला हरीण आणि नीलगाय यातला फरक कळत नाही त्याने हा खेळ करू नये. (हो, दक्षिण टेक्सासात नीलगायी आहेत. त्याही आपल्याकडूनच आलेल्या, आणि त्यांना व्हिसा लागला नाही.)

दुसरा: "टेक्सासात आता लायसनच लागत नाही." अर्धं खरं. १ सप्टेंबर २०२१पासून इथे एकवीस वर्षांवरच्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल जवळ ठेवता येतं, पण ज्याला मुळात बंदूक बाळगायचा हक्क आहे त्यालाच. राज्याचा कायदा सैल झाला म्हणून केंद्राचा सैल होत नाही. ग्रीनकार्ड हातात आलं की हक्क मिळतो. अर्ज 'प्रलंबित' असताना नाही, ईएडी, म्हणजे काम करायची परवानगी, आलं म्हणूनही नाही.

आणि घरात एकाचं ग्रीनकार्ड झालंय, बायको अजून तात्पुरत्या व्हिसावर, आई-वडील सहा महिन्यांसाठी आलेत, असं असेल तर? आपल्या आया पाहुण्या म्हणून येतात आणि तिसऱ्या दिवशी कपाटं आवरायला काढतात. जे कपाट आई उघडू शकते त्यात पिस्तूल नको. पेटी, कुलूप, आणि किल्ली फक्त ज्याला हक्क आहे त्याच्याकडे.

मग हे लोक पिस्तूल एवढं जवळ ठेवतात कशाला? मी आलो तेव्हा मला वाटायचं, गुर्मी. आता तसं वाटत नाही, भीती वाटते म्हणून ठेवतात. इथून तीन-साडेतीन तासांवर किलीन गाव आहे. १६ ऑक्टोबर १९९१ला तिथल्या लुबीज कॅफेटेरियात एकाने गाडी काचेतून आत घुसवली आणि तेवीस जणांना मारलं. सुझाना हप आई-वडिलांबरोबर जेवायला बसल्या होत्या. त्यांचं पिस्तूल बाहेर गाडीत होतं, कारण तेव्हा ते जवळ ठेवणं बेकायदा होतं. आई-वडील दोघंही गेले. पुढे त्या आमदार झाल्या. टेक्सासात १९९५ला लपवून पिस्तूल बाळगण्याच्या परवान्याचा कायदा झाला त्यामागे त्यांची साक्ष होती. इथल्या माणसाशी या विषयावर बोलायला बसलात तर दहा मिनिटांत लुबीज येतंच.

फ्लोरिडाने हे दार १९८७मध्येच उघडलं होतं. मग एकेक राज्य येत गेलं आणि आज एकोणतीस राज्यांत परवानाही लागत नाही. एबीसी न्यूज आणि वॉशिंग्टन पोस्टच्या पाहणीत १९९९मध्ये बंदूकवाल्यांपैकी निम्मे म्हणत होते, शिकारीसाठी. स्वसंरक्षण म्हणणारे चौथा हिस्सा. प्यू या मतपाहणी संस्थेच्या २०२३च्या पाहणीत बहात्तर टक्क्यांनी संरक्षण हेच मोठं कारण सांगितलं. दोन्ही वेळी प्रश्न अगदी सारखा नव्हता, पण वारा कुठे वाहतोय ते कळतं. रोज पिस्तूल घेऊन बाहेर पडणारे २०१५मध्ये तीस लाख होते, २०१९मध्ये साठ लाख असा संशोधकांचा अंदाज आहे, आणि हे कोव्हिडच्या आधीचं. २०२०मध्ये बंदुकांच्या दुकानांचे रॅक रिकामे झाले, देशात खून जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढले. २०२३ आणि २०२४मध्ये ते बरेच उतरले, पण विकत घेतलेलं पिस्तूल कोणी परत करत नाही.

माझा शेजारी तेलकंपनीतून निवृत्त झालाय. देवळात जाताना आपण खिशात रुमाल ठेवतो तसं तो चर्चला जाताना पिस्तूल ठेवतो. "पोलीस येईपर्यंत मीच पोलीस," म्हणतो. हार्वे वादळात, २०१७ला, याच माणसाने होडीतून आमच्या गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांना बाहेर काढलं. त्याचं मत मला पटत नाही, पण त्याला माथेफिरू म्हणणाऱ्या आपल्या लोकांचंही पटत नाही.

आपल्या लोकांची भीती वेगळीच. कोणाच्या तरी घरी सोन्याची चोरी होते. दुपारपर्यंत सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीच बातमी, चोर एकाचे पाच होतात, आणि संध्याकाळी कोणीतरी 'फॅमिली सेफ्टीसाठी' पिस्तुलांची लिंक टाकतो. अहो, सोनं लॉकरमध्ये ठेवा की. दांडियाहून परतताना पाटल्या-बांगड्या घालून पेट्रोल पंपावर उतरू नका, गॅरेजचं दार उघडं टाकून भारतात जाऊ नका. एवढं केलं तर तीन चतुर्थांश भीती जाईल. उरलेली मात्र खरी आहे. कॅन्ससमध्ये २०१७ला एका बारमध्ये 'माझ्या देशातून चालते व्हा' म्हणत एकाने आपल्याच एका इंजिनिअरला गोळी घालून मारलं, त्या आठवड्यात मीही बंदुकांच्या दुकानात जाऊन काचेवर नाक लावून आलो होतो.

आता रोजचं वागणं. इथे नव्या माणसाकडून खऱ्या चुका होतात.

पोलिसाने गाडी थांबवली की खाली उतरू नका. आपल्याकडे कागद घेऊन मामांपर्यंत चालत जाणं म्हणजे नम्रपणा. इथे पोलीस प्रत्येक गाडीत पिस्तूल असेल असं धरूनच चालतो, आणि त्याच्याकडे चालत येणारा माणूस म्हणजे धोका. गाडीतच बसा, काच खाली करा, दोन्ही हात स्टिअरिंगवर. रात्र असेल तर आतला दिवा लावा. इन्शुरन्सचा कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात असेल तर आधी सांगा, "कप्प्यातून काढतोय," आणि तो हो म्हणाल्यावरच हात न्या. माझ्या भाच्याला हे शिकवायला मी त्याला ड्राइव्हवेमध्ये गाडीत बसवून दोनदा तालीम घेतली. हसला. पुढच्याच महिन्यात उपयोगी पडलं.

हॉर्न. पुण्याचा हात इथे आवरा. समोरचा सिग्नलला झोपलाय? झोपू द्या. फ्रीवेवर कोणी आडवा आला तर त्याला गाठून बघायचं नाही, हातवारे नाहीत. तो शिव्या देत खाली उतरला तर तुम्ही निघून जा. इथे असे वाद गोळीवर गेल्याच्या बातम्या नेहमी असतात.

दिवाळीचा फराळ वाटताना घर नंबर दोनदा बघा. एकसारख्या घरांच्या वसाहतीत, अंधारात, मी एकदा चकल्यांचा डबा घेऊन चुकीच्या घराचं मागचं फाटक उघडलं होतं. आतून कुत्रा आणि मग एक आवाज. मी डबा डोक्यावर धरून उभा राहिलो, शरण आलेल्या सैनिकासारखा. आज हसतो. पण १९९२ला लुइझियानात, बॅटन रूजला, सोळा वर्षांचा एक जपानी विद्यार्थी हॅलोविनच्या पार्टीचं घर समजून चुकीच्या दारात गेला आणि घरमालकाच्या गोळीने मेला. 'फ्रीझ' या शब्दाचा अर्थ त्याला उमगला नाही असं तेव्हा म्हटलं गेलं. खटल्यात घरमालक सुटला. तर समोरून मोठ्याने 'फ्रीझ' ऐकलं की जागच्या जागी थांबा.

मूल दुसऱ्याच्या घरी खेळायला जाणार असेल तर विचारा: घरात बंदूक आहे का, कुलपात असते का? कसं विचारायचं म्हणून आपण लाजतो. शेंगदाण्याच्या ॲलर्जीबद्दल विचारता ना, त्याच दमात विचारा. इथल्या कुठल्याही आईने मला आजवर उलट उत्तर दिलेलं नाही. आणि टिकल्यांचं पिस्तूल भारतातून आणू नका. बारा वर्षांच्या मुलाच्या हातातलं खेळण्यातलं पिस्तूल खरं समजून पोलिसांनी गोळी झाडल्याचं २०१४मध्ये क्लीव्हलंडला घडलंय.

शेवटी, ग्रीनकार्ड झाल्यावर मी स्वतः काय केलं ते. परवाना घेतला. चार ते सहा तासांचा वर्ग, पन्नास गोळ्यांची परीक्षा, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून. चार महिने कमरेला पिस्तूल लावून हिंडलो. दिवसभर डोक्यात तेच. शाळेच्या हॉलमध्ये गणपतीचा कार्यक्रम, तिथे नेता येत नाही. दारूच्या विक्रीवर चालणाऱ्या बारबाहेर लाल अक्षरांत '५१%'ची पाटी, तिथेही नाही. कुठे इंग्रजी-स्पॅनिशमध्ये इंचभर अक्षरांत 'पिस्तूल आत आणू नका' असा फलक, तिथेही नाही. मग गाडीत ठेवायचं, आणि गाड्या फोडून पिस्तुलं पळवणं हा तर इथल्या चोरांचा धंदाच. वाकून चप्पल काढताना देवळाच्या पायरीवर शर्ट वर गेला, एका आजोबांनी बघितलं, काही न बोलता त्यांनी नातवाला दुसऱ्या बाजूला घेतलं. ते पिस्तूल तेव्हापासून तिजोरीत आहे.

रेंजवर नेलेली बॅग मात्र भारतात जाताना वापरू नका. अस्तराच्या शिवणीत अडकलेली एक गोळी इथल्या विमानतळावर सापडली तर निदान फ्लाइट चुकेल. मुंबईला सापडली तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदतात, आणि 'मला माहीतच नव्हतं' हे कोर्टात सांगेपर्यंत सुट्टी संपलेली असते. आमच्या ओळखीतल्या एकाने बहिणीच्या लग्नाचे दोन दिवस पोलीस ठाण्यात काढले. त्या बॅगेला वेगळा रंग द्या, ती गॅरेजमध्ये टांगा, आणि निघायच्या आदल्या दिवशी बाकीच्या बॅगाही उलट्या करून झटका.