गावाचा इतिहास जपायला निघालात? आधी या चुका टाळा

अमेरिकेतल्या बहुतेक छोट्या गावांत हिस्टॉरिकल सोसायटी नावाची संस्था असते. एखादं जुनं घर नाहीतर बंद पडलेलं रेल्वे स्टेशन, आठवड्यातून एखाद्या दुपारी उघडणारं दार आणि सत्तरी ओलांडलेले चार-पाच स्वयंसेवक, एवढाच तिचा संसार. मध्य न्यू जर्सीतल्या अशाच एका गावात मी बरीच वर्षं हे काम करते आहे. अलीकडे आपली मराठी मंडळीही येऊ लागली आहेत. कुणी आयटीतून निवृत्त झालेले, तर कुणी कॉलेजच्या अर्जासाठी व्हॉलंटियर तास हवे असलेली हायस्कूलची मुलं. सगळ्यांचं मनापासून स्वागत आहे. पण येणारा प्रत्येक जण आल्या आल्या एकच प्रश्न विचारतो, "स्कॅनर कुठे आहे?" आणि चुकायला तिथूनच सुरुवात होते.

आधी स्कॅन, मग नोंद

माझ्या मते ही सगळ्यात महागडी चूक आहे, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर लिहिते.

शेजारच्या गावातल्या एका संस्थेला औषधाच्या जुन्या दुकानदाराच्या कुटुंबाकडून एक अल्बम मिळाला. जाड काळ्या कागदाची पानं, बाजूने दोरीने बांधलेली, प्रत्येक पानावर चार-पाच फोटो. साधारण विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांतला मेन स्ट्रीट त्यात होता. तिथल्या उत्साही मंडळींनी एका वीकएंडमध्ये काम उरकायचं ठरवलं. फोटो स्कॅनरवर सपाट बसावेत म्हणून त्यांनी ते एकेक करून पानांवरून सोडवले, उत्तम दर्जाचे स्कॅन केले, फायलींना ओळीने नंबर दिले आणि उरलेली काळी पानं रिसायकलिंगमध्ये टाकली.

त्या पानांवर प्रत्येक फोटोखाली पांढऱ्या शाईने बारीक अक्षरात एक ओळ लिहिलेली होती. हे आम्हाला कळलं ते एकच पान वाचलं म्हणून. त्यावरचे फोटो निघतच नव्हते, तेव्हा ते पान तसंच बाजूला राहिलं होतं. त्यावर दुकानातल्या पोऱ्यांची नावं होती, दारात बसलेल्या कुत्र्याचं नाव होतं आणि एका फोटोखाली लिहिलं होतं की हा आगीच्या दुसऱ्या दिवशीचा आहे. बाकीच्या पानांवर असंच सगळं असणार. ते गेलं.

मला बोलावलं तेव्हा हातात होते शंभरेक देखणे स्कॅन आणि त्यात कोण आहे, कुठे आहे, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मग आम्ही सॅनबॉर्नचे नकाशे उघडले. आगीच्या विम्यासाठी सॅनबॉर्न कंपनीने १८६७ पासून अमेरिकेतल्या हजारो गावांचे घरनिहाय नकाशे काढले. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर त्यातले पुष्कळ फुकट पाहता येतात. गुलाबी रंग म्हणजे विटांची इमारत, पिवळा म्हणजे लाकडी. राहत्या घरावर 'डी', दुकानावर 'एस', शिवाय किती मजले तेही लिहिलेलं. फोटोत लाकडी दुकानांची रांग दिसते, एका वर्षीच्या नकाशात तीच रांग पिवळी आहे आणि पुढच्या नकाशात त्याच जागी गुलाबी चौकोन आहे, म्हणजे फोटो या दोन नकाशांच्या मधला किंवा आधीचा. पाटीवरचा टेलिफोन नंबर किती आकडी आहे, तारा कुठपर्यंत आल्या आहेत, रस्ता फरसबंद झाला आहे का, अशा खुणांवरून आणखी थोडं जमलं. काही फोटो पोस्टकार्डावर छापलेले होते. १ मार्च १९०७ च्या आधी पोस्टकार्डाच्या पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहायला परवानगी नव्हती, म्हणून ज्यांच्या मागे मधली उभी रेघ नाही ती बहुतेक त्याआधीची.

एवढं करून इमारती सापडल्या. माणसं सापडली नाहीत. त्या मुलांची नावं आता कुठल्याच नकाशात नाहीत.

म्हणून माझी पद्धत अशी आहे. खोकं आलं की ते जसं आलं तसा त्याचा मोबाइलवर फोटो काढायचा. मग वहीत लिहायचं: कुणी दिलं, कधी दिलं, त्यांच्याकडे कुठून आलं, घरात कुठे ठेवलेलं होतं. अल्बमचं प्रत्येक पान अखंड, सगळ्या मजकुरासकट टिपायचं. क्रम बदलायचा नाही. लग्नाच्या फोटोशेजारी दुकानाचा फोटो का लावला आहे हे आज कळत नसलं, तरी लावणाऱ्याला ते माहीत होतं. फोटोच्या मागे कडेला मऊ पेन्सिलने फक्त क्रमांक टाकायचा. बॉलपेन अजिबात नाही, ते पुढच्या बाजूला उमटतं. १९७० नंतरच्या प्लास्टिकचा थर असलेल्या कागदावर पेन्सिल उठत नाही, तेव्हा क्रमांक पाकिटावर लिहायचा आणि मग फोटो आत घालायचा. हे सगळं झालं की स्कॅनर. फाइल टिफ (TIFF) या प्रकारात, प्रत दोन वेगवेगळ्या ठिकाणी, आणि फाइलच्या नावात तोच वहीतला क्रमांक.

"हे फार हळू चालतं," असं मला दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी सांगतं. हो, हळूच चालतं. दहा खोक्यांचं अर्धवट काम करण्यापेक्षा एका खोक्याचं पूर्ण काम गावाच्या जास्त उपयोगाचं असतं, आणि ज्याला हे पटत नाही त्याला मी खोक्याला हात लावू देत नाही.

तळघर

आयडा वादळाचा पाऊस १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री न्यू जर्सीवर कोसळला. रॅरिटन नदीकाठच्या मॅनव्हिलसारख्या गावांत घरंच्या घरं पाण्यात होती. त्या पट्ट्यातल्या ज्या ज्या संस्थांनी कागद तळघरात ठेवले होते, त्यांचं म्हणणं एकच होतं: इतकी वर्षं इथे थेंबही आला नव्हता. तळघर कोरडं असतं ते पाणी येईपर्यंत. पोटमाळाही तितकाच वाईट, कारण तिथे उन्हाळ्यातली उष्णता आणि हिवाळ्यातली थंडी कागद आलटून पालटून सोसतो. राहत्या मजल्यावर, बाहेरच्या भिंतीला न लागलेलं एक कपाट, आणि सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून निदान सहा इंच वर. याहून मोठी सोय छोट्या गावाला लागत नाही.

आणि भिजलंच, तर लोक जे करतात ते बघवत नाही. हेअर ड्रायर लावतात. उन्हात पसरतात. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून सोडवतात आणि चेहरा दुसऱ्या फोटोच्या पाठीला चिकटून येतो. बुरशी साधारण ४८ तासांत धरते, म्हणून घाई इथे, फक्त इथेच करायची. फोटो स्वच्छ थंड पाण्यातून हलके काढून तोंड वर करून सावलीत पंख्याच्या हवेत ठेवायचे. जे तेवढ्या वेळात वाळवणं शक्य नाही, ते मेणकागद मध्ये घालून सरळ फ्रीझरमध्ये. गोठलेला कागद महिनोन् महिने थांबतो आणि मग सवडीने वाळवता येतो. काचेवरच्या निगेटिव्ह मात्र फ्रीझरमध्ये घालू नका.

चिकटपट्टी आणि लॅमिनेशन

कुठलीही पारदर्शक चिकटपट्टी, तिच्यावर काहीही लिहिलेलं असो, जुन्या कागदाला लावू नका. काही वर्षांनी पट्टी गळून पडते आणि तिचा तपकिरी डाग कायमचा राहतो. लॅमिनेशन त्याहून वाईट, कारण ते उलटवता येत नाही. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडाचा लगदा असतो, त्यातलं आम्ल त्याला आतूनच खातं. वरून प्लास्टिक ओतून ते थांबत नाही. कात्रणाची आम्लरहित कागदावर झेरॉक्स काढा आणि मूळ कात्रण वेगळ्या पाकिटात ठेवा, नाहीतर शेजारच्या फोटोवर त्याचा पिवळा चौकोन उमटतो. आणि कात्रणावर वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख लिहा. गावागावांत कात्रणांनी भरलेले खोके आहेत आणि तारीख एकावरही नाही.

दंतकथेला पुरावा समजणं

न्यू यॉर्क राज्यातलं कूपर्सटाउन घ्या. १९०५ मध्ये नेमलेल्या एका समितीने १९०७ च्या अखेरीस जाहीर केलं की बेसबॉलचा खेळ ॲब्नर डबलडे यांनी १८३९ साली याच गावात शोधून काढला. मुख्य आधार होता एका वृद्ध गृहस्थाच्या आठवणीचा. १८३९ मध्ये ते गृहस्थ पाच वर्षांचे होते, आणि डबलडे तेव्हा वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत होते. तरी १९३९ मध्ये बेसबॉलचं हॉल ऑफ फेम त्याच गावात उघडलं आणि आजही तिथेच आहे.

आमच्या भागात प्रत्येक जुन्या घरात जॉर्ज वॉशिंग्टन एक रात्र झोपून गेलेले असतात आणि प्रत्येक तळघरात पळून आलेल्या गुलामांसाठी खोदलेलं भुयार असतं. काही ठिकाणी ते खरंही आहे, म्हणूनच खोट्याची भर घालू नये. कुणी असं काही सांगितलं तर ते नक्की नोंदवा, पण कुणी सांगितलं, कधी सांगितलं, त्यांनी कुणाकडून ऐकलं, हे सोबत लिहा.

याच्या उलट चूकही होते. १८८० च्या जनगणनेत सापडलेलं कुटुंब पुढे दिसत नाही, म्हणून ते गाव सोडून गेलं असं नवखे लिहून मोकळे होतात. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक सगळे कागद जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीत आणि नंतरच्या हेळसांडीत नष्ट झाले. तुमचं कुटुंब तिथेच असेल आणि फक्त कागद गेला असेल. न्यू जर्सीने १८८५ आणि १८९५ मध्ये राज्याची स्वतःची जनगणना केली होती. ती बघा, कराच्या याद्या बघा, चर्चच्या नोंदी बघा.

थोडक्यात, पण तितक्याच गंभीर

संगमरवरी थडगी ब्लीचने किंवा तारेच्या ब्रशने घासू नका. साधं पाणी, मऊ ब्रश, आणि दगड ठिसूळ झाला असेल तर तेही नको.

जुन्या मऊ विटांच्या भिंतीच्या दर्जा, म्हणजे विटांमधल्या फटी, सिमेंटने भरू नका. चुन्याची दर्ज ओल बाहेर सोडते. सिमेंट सोडत नाही, मग ओल विटेतून वाट काढते आणि थंडीत गोठून विटेचा पापुद्रा उडवते.

इमारत नॅशनल रजिस्टरवर, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीवर, गेली म्हणजे वाचली, असं समजून सत्कार समारंभ करू नका. १९६६ च्या कायद्याने सुरू झालेल्या त्या यादीत नाव असलं तरी खासगी मालक स्वतःच्या पैशाने स्वतःची इमारत पाडू शकतो. पाडकाम अडतं ते गावाच्या स्वतःच्या नियमाने. तेव्हा टाउन कौन्सिलच्या बैठकीला जाऊन बसा, कंटाळवाणी असली तरी.

कुणी वस्तू "कायमची उसनी" देऊ लागलं तर नम्रपणे नाही म्हणा. दानपत्रावर सही झाल्याशिवाय खोकं आत घेऊ नका. देणाऱ्याची नातवंडं परत मागायला येतात, आणि तेव्हा संस्थेत कुणालाच काही आठवत नसतं.

आपण त्या इतिहासात नाही असं समजणं

ही चूक आपल्या लोकांची, म्हणून मला जास्त लागते. न्यू जर्सीतलं रोझेल हे छोटं गाव जानेवारी १८८३ मध्ये एडिसनच्या विजेच्या दिव्यांनी, खांबांवरच्या तारांमधून, उजळलं. गावाच्या इतिहासात ते अभिमानाने सांगितलं जातं. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आनंदीबाई जोशी त्याच गावात कार्पेंटर कुटुंबात राहायला आल्या आणि तिथून फिलाडेल्फियाला जाऊन १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांची रक्षा न्यू यॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटरांच्या जागेत आहे. त्यांना तिथल्या कागदांत शोधताना आडनाव आजच्या स्पेलिंगने घालून भागत नाही. शेवटी आय नाही, दोन ई. वेगवेगळी स्पेलिंगं घालून न बघता "काही सापडलं नाही" म्हणणाऱ्यांनी आणखी किती माणसं हरवली असतील!

१९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आलेली मराठी पिढी आज ऐंशीच्या घरात आहे. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची मध्यवर्ती संस्था, बृहन्महाराष्ट्र मंडळ, १९८१ मध्ये उभी राहिली, आणि गावोगावची मंडळं तर कुणाच्या तरी बेसमेंटमध्येच सुरू झाली. गणपतीची हाताने लिहिलेली निमंत्रणं, नाटकाच्या तालमींचे फोटो, शाळेच्या कॅफेटेरियातल्या दिवाळीची पावती पुस्तकं, हे सगळं त्या त्या अमेरिकन गावाच्या संस्थेत असायला हवं. घर विकताना मुलं हेच पहिल्यांदा कचऱ्यात टाकतात.

त्या काका-मावशींकडे जा तेव्हा फोटो समोर ठेवा आणि नावं विचारा. टीव्ही बंद करायला सांगा, फ्रीजजवळ बसू नका, रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, जागा आणि दोघांची नावं मोठ्याने म्हणा. हो किंवा नाही असं उत्तर येईल असे प्रश्न टाळा. "इथे पहिला हिवाळा कसा गेला?" असं विचारा आणि मग गप्प बसा. मध्ये शांतता पडली तर ती भरून काढू नका, खरं उत्तर बहुतेक तिच्यानंतर येतं. त्यांना मराठीतच बोलू द्या. इंग्रजी सारांश नंतर लिहून संस्थेच्या फाइलमध्ये लावता येतो. उठण्यापूर्वी परवानगीच्या कागदावर सही घ्या आणि रेकॉर्डिंगची एक प्रत त्यांच्या मुलांना पाठवा.