रॉकसाठी हेडफोन बदलताय? आधी या चुका टाळा

"ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स हेडफोन आहे, रॉकसाठी पुढचा कुठला घेऊ?" हा प्रश्न कायम येतो. उत्तर मिळायच्या आत अर्ध्या लोकांनी ऑर्डर टाकलेली असते. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. महिन्याभराने तीच मंडळी परत येतात: "झांजा कानात घुसतात, आता ॲम्प कुठला घेऊ?" ॲम्प, म्हणजे आवाजाला ताकद देणारी पेटी, नको. आधी हे वाचा.

रॉक म्हणजे बास आणि ट्रेबल, ही समजूत

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दुकानात किंवा व्हिडिओत "रॉकसाठी मस्त, एकदम एनर्जेटिक" म्हणून जे हेडफोन दाखवतात, त्यांत खालचा आणि वरचा आवाज उचललेला असतो आणि मधला दबलेला. पहिली दहा मिनिटं खरंच भारी वाटतं. पण रॉक राहतं त्या मधल्याच भागात.

आकडे बघा. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये गिटारची जाड तार ८२ हर्ट्झवर वाजते, बास गिटारची ४१ वर. त्यातही बास गिटारचा आपण ओळखतो तो आवाज मुख्यतः ८० ते २५० हर्ट्झमध्ये असतो. किक ड्रमचा दणका ६० ते १०० मध्ये, आणि बीटर कातड्यावर आपटतो तो टक्क आवाज ३ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास. गिटारचं अंग २०० ते ५०० मध्ये, धार २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये. डिस्टॉर्शनवाली गिटार १२ इंची स्पीकरच्या कॅबिनेटमधून रेकॉर्ड होते आणि तो स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झनंतर झपाट्याने उतरतो. म्हणजे ८-९ किलोहर्ट्झवर गिटारचं फारसं काही उरतच नाही. तिथे असतात झांजा, हाय-हॅट आणि गायकाचे 'स' आणि 'श'.

तेव्हा ज्या हेडफोनला ८-९ किलोहर्ट्झवर सुळका आहे तो गिटार धारदार करत नाही, झांजा पुढे आणून गिटार मागे ढकलतो. बेयरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो हे याचं ठळक उदाहरण. बांधणी दणकट, पॅड मऊ, जागा ऐसपैस, पण ट्रेबलचा तो सुळका नेमका तिथेच.

पुण्यातल्या एका गिटार वाजवणाऱ्या मित्राने हाच घेतला, २५० ओहमवाला (ओहम म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा अडथळा). तक्रार पहिल्याच आठवड्यात: गिटार लांब, झांजा कपाळावर. कुणीतरी सांगितलं, "२५० ओहम आहे, पॉवर मिळत नाहीये." ॲम्प आला. आवाज वाढला आणि झांजाही तितक्याच वाढल्या. मग दुसऱ्याने चांदीच्या केबलचा सल्ला दिला. या मॉडेलची केबल कायमची जोडलेली असते, निघत नाही. म्हणून कप उघडून, डाखून सॉकेट बसवलं. वॉरंटी गेली, फरक शून्य. तिसरा सल्ला आला वॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्पचा, "ट्रेबल गोड होईल" म्हणून. तो सुळका ड्रायव्हरच्या (आवाज काढणाऱ्या भागाच्या) आणि कपच्या घडणीतून येतो, कुठल्याही ॲम्पच्या मागच्या भोकातून तो बाहेर पडत नाही. एवढं सगळं झाल्यावर हेडफोनच्या दुप्पट पैसे पेटीत आणि तारेत गेले होते. शेवटी फुकटच्या इक्वलायझरने झांजा निवल्या. गिटार मात्र हवी तेवढी पुढे आली नाही, आणि सेन्हायझरचा जुना एचडी ६०० घेतल्यावर प्रकरण मिटलं.

तुमच्याकडे असा बोचरा हेडफोन आधीच असेल तर विकण्याआधी एवढं करा. विंडोजच्या संगणकावर इक्वलायझर एपीओ टाका, अँड्रॉइडवर पॉवरॲम्प इक्वलायझर. आवाज कमी ठेवून ५ ते १२ किलोहर्ट्झचा संथ स्वीप (हळूहळू चढत जाणारा सूर) वाजवा आणि टोचतो तो आकडा लिहून ठेवा. प्रत्येकाच्या कानाच्या घडणीप्रमाणे तो थोडा सरकतो, म्हणून दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नका. तिथे क्यू (किती रुंद पट्टा बदलायचा तो आकडा) २ ठेवून ४ ते ६ डेसिबल कमी करा. दोन दिवस तसंच ऐका, रोज चाळे करू नका. काहीही वाढवणार असाल तर जेवढं वाढवाल तेवढाच प्रीॲम्प (इक्वलायझरमधली एकूण आवाजाची पातळी) उणे करा, नाहीतर सिग्नल कापला जाऊन आवाज फाटतो आणि दोष हेडफोनला जातो.

मग रॉकसाठी घ्यावं काय? मधला आवाज सरळ असलेला. एचडी ६०० आणि ६५० यांची नावं दशकानुदशकं निघतात ती उगाच नाही: गिटारचं अंग आणि आवाजाचा पोत तिथे जागच्या जागी असतो. खोल बास मात्र दोघांतही उतरता आहे, आणि तो इक्वलायझरने भरमसाट वाढवला तर ड्रायव्हर दमतो, किक भसभशीत होते. ४ डेसिबलच्या पलीकडे जाऊ नका. ज्यांना खालचा ठोका हवाच आहे त्यांनी प्लेनर (चपट्या पातळ पडद्याचा हेडफोन) घ्यावा, तो बासची वाढ बरीच जास्त सोसतो. ग्रॅडोचा एसआर८० रॉकवाल्यांचा लाडका, कारण २ किलोहर्ट्झच्या आसपास तो मुद्दाम पुढे आहे, गिटार अंगावर येते. पण बास पातळ, फोमचे पॅड थेट कानावर टेकतात, आणि आवाज बाहेर इतका सांडतो की शेजारी बसलेल्यालाही गाणं ओळखू येतं. पंक आणि जुनं हार्ड रॉक यांना छान, तारा सैल करून खालच्या सुरात वाजवलेल्या (ड्रॉप-ट्यून्ड) लांब मेटलला नाही. एकेजीचा के७०२ "साउंडस्टेज" म्हणून घेऊ नका. ऑर्केस्ट्राला रुंद रंगमंच शोभतो, चार जणांच्या बँडला नाही.

आणि एक. मुंबईच्या रंगभवनात आय-रॉक हा रॉक महोत्सव उभं राहून ऐकलेल्यांना छातीवरचा दणका हवा असतो. तो छातीला मिळतो, कानाला नाही. कुठलाही हेडफोन तो देणार नाही, त्याच्या शोधात पैसे घालवू नका.

ओहम बघून ॲम्प ठरवणं

"३२ ओहम म्हणजे फोनवर चालतो, २५० म्हणजे ॲम्प लागतो." हे अर्धवट ज्ञान. ओहमसोबत संवेदनशीलता बघावी लागते, म्हणजे १ मिलिवॅटला किती डेसिबल. साधा १ व्होल्ट देणारा डोंगल (फोनच्या चार्जिंगच्या सॉकेटला लावून हेडफोन जोडायचा छोटा ॲडॅप्टर) धरा.

एम५०एक्स ३८ ओहम, ९९ डेसिबल. १ व्होल्टला सुमारे २६ मिलिवॅट, आवाज ११३ डेसिबल.
हायफायमॅन एचई४००एसई २५ ओहम, ९१ डेसिबल. ४० मिलिवॅट खाऊन १०७.
डीटी ९९० प्रो २५० ओहम, ९६ डेसिबल. फक्त ४ मिलिवॅट, १०२.

ओहम कमी असूनही हायफायमॅन एम५०एक्सपेक्षा ६ डेसिबल हळू आणि करंट जास्त मागणारा. तर २५० ओहमवाला डोंगलवर १०२ पर्यंत जातो. आजकालचं रॉक मास्टरिंग (रेकॉर्डिंगवरचा शेवटचा हात) इतकं दाबलेलं असतं की सरासरी आवाज शिखरापासून ८-१० डेसिबलच खाली राहतो, म्हणजे ९२ ते ९४. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेच्या मोजपट्टीने ८५ डेसिबलला ८ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ ला फक्त एक तास. याहून मोठा आवाज कशाला हवा?

ॲम्पची खरी गरज दोन ठिकाणी पडते. एक, सत्तरच्या दशकातलं मास्टरिंग, जिथे सरासरी आवाज बराच खाली असतो. दोन, इक्वलायझरसाठी प्रीॲम्प ६-८ डेसिबल उणे केल्यावर. यातलं काही नसेल आणि डोंगलचा आवाज ७० टक्क्यांवर पुरत असेल, तर ॲम्प विसरा.

वॉल्व्ह ॲम्पची हौसच असेल तर आउटपुट इम्पीडन्स (ॲम्पचे स्वतःचे ओहम) बघा. हेडफोनच्या ओहमला ८ ने भागून येईल त्याहून तो कमी असावा. एचडी ६५० सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनचा इम्पीडन्स १०० हर्ट्झच्या आसपास चढतो, म्हणून जास्त इम्पीडन्सच्या वॉल्व्ह ॲम्पवर त्याचा बास थोडा फुगतो. लोक त्यालाच "वॉल्व्हची ऊब" म्हणतात. ३२ ओहमचा डायनॅमिक (प्लेनर नसलेला, नेहमीचा) हेडफोन तिथे लावलात तर बास घुमतो आणि ठोका ढिला पडतो.

आवाज न जुळवता तुलना

दुकानात दोन हेडफोन, एकच व्हॉल्यूम, "हा भारी आहे." अहो, तो फक्त मोठा वाजतोय. एक डेसिबलचा फरक "मोठा" म्हणून जाणवत नाही, "जास्त स्पष्ट" म्हणून जाणवतो. वर दिलेले आकडे बघा, एकाच व्हॉल्यूमवर ११ डेसिबलचा फरक पडू शकतो. पिंक नॉइज (एकसारखी खरखर) वाजवा, दोन्ही सारखे वाटेपर्यंत व्हॉल्यूम हलवा, आकडे कागदावर लिहा आणि मगच गाणी लावा.

तुलना रोजच्याच आवाजात करा. आवाज कमी असला की कानाला बास कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं आहे. घरचे झोपल्यावर हळू ऐकणाऱ्याला जरा जाड बासचा हेडफोन बरा. तोच दुकानात मोठ्याने ऐकला तर चिखल वाटतो.

गाणी आपली, पाठ असलेली. डबल किकचं एक, गिटारचे चार थर असलेलं एक, एक लाइव्ह, एक सत्तरच्या दशकातलं, एक किंचाळणाऱ्या गायकाचं. ऐकायचं एवढंच: डबल किकचे ठोके सुटे मोजता येतात का, बास गिटार लीड गिटारखाली हरवते का, आणि अर्ध्या तासाने हेडफोन काढावासा वाटतो का. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि उतावळे तोच टाळतात.

आवाज फाटला तर आधी रेकॉर्डिंगवर संशय घ्या. मेटॅलिकाचा २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' मास्टरिंगमध्येच कापला गेलेला आहे. हेडफोन जितका चांगला तितका तो फाटका ऐकू येईल.

खोली न बघता ओपन-बॅक

ओपन-बॅक म्हणजे आतलं बाहेर, बाहेरचं आत. पाचवर फिरणारा पंखा, खालचा रस्ता, कुकरच्या शिट्ट्या, सगळं गाण्यात मिसळतं. मग ते झाकायला आवाज वाढतो. रात्री दार लावून ऐकणार असाल तर ओपन-बॅक घ्या, हॉलमध्ये किंवा लोकलमध्ये ऐकणार असाल तर क्लोज्ड. क्लोज्डमध्ये चष्म्याच्या काडीखाली फट राहिली की बास गळतो, तेव्हा चष्मा घालूनच ट्राय करा.

पॅडकडे दुर्लक्ष

कृत्रिम चामड्याचे पॅड आपल्या दमट हवेत, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, सोलवटतात. त्यातलं पॉलियुरेथेन ओलाव्याने विघटित होतं. वेलूर टिकतो आणि घाम कमी येतो, पण क्लोज्ड हेडफोनवर तो लावला की सील कमी होऊन बास उतरतो. पॅड दबून चपटे झाले तरी आवाज बदलतो, कारण ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो. नवा हेडफोन शोधण्याआधी जुन्याला त्याच कंपनीचे नवे पॅड लावून बघा. बाजारातले "प्रीमियम" जाड पॅड म्हणजे वेगळाच हेडफोन.

बर्न-इन, म्हणजे वाजवून वाजवून हेडफोन 'मुरवणं'? शंभर तास नॉइज वाजवत ठेवू नका. आवडला नाही तर परत करायची मुदत त्यातच संपते.

बिघाड वाटतो, पण नसतो

गायक गायब, बास गायब, उरला फक्त घुमारा आणि कडेच्या गिटारी: ग्राउंड सुटलेलं आहे. डावी वजा उजवी एवढाच सिग्नल उरतो आणि मधोमध असलेलं सगळं कापलं जातं. प्लग पूर्ण आत सारा, मग ॲडॅप्टर बदला, मग केबल.

एकाच बाजूने आवाज: पिळून बसणाऱ्या केबलचं लॉक अर्धवट राहिलंय. केबल दुसऱ्या कानात लावता येत असेल तर अदलाबदल करा. बिघाड सरकला तर केबल, नाही सरकला तर ड्रायव्हर.

ब्लूटूथवर अचानक टेलिफोनसारखा आवाज: विंडोजमध्ये कुठल्यातरी ॲपने माइक उघडलाय आणि हेडफोन कॉलच्या मोडमध्ये गेलाय. साउंडच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा निवडा.

ॲपलचा डोंगल अँड्रॉइडवर हळू वाजतो: व्हॉल्यूम पूर्ण केला तरी डोंगलच्या आतला व्हॉल्यूम खालीच अडकून राहतो. युएसबी ऑडिओ प्लेयर प्रो सारखं ॲप तो उघडतं, नाहीतर दुसरा डोंगल घ्या.

आणि पाव इंचाचा जड धातूचा ॲडॅप्टर लॅपटॉपच्या सॉकेटला लटकवू नका. मागून कुणाचा हात लागला की तरफ बसते आणि सॉकेट तुटतं. दहा सेंटीमीटरच्या वायरचा ॲडॅप्टर वापरा.