शाळा न शिकलेल्या आईला बाळाचा पहिला महिना कसा शिकवायचा

आई शिकलेली असेल तर तान्हं बाळ जगण्याची शक्यता जास्त, हे खूप देशांत दिसलंय. लोकसंख्येचे अभ्यासक जॉन कॉल्डवेल यांनी 1979 साली नायजेरियातल्या आकडेवारीवरून दाखवलं होतं की नवऱ्याचं शिक्षण, कामधंदा सगळं धरलं तरी आईच्या शाळेचा फरक उरतोच. पण हे ऐकून लोक हात झटकतात ना, की ती तर चौथीतच घरी बसलेली, आता काय करणार, ते मला अजिबात पटत नाही. तिला आठवा महिना लागलाय, बाळ काही तिच्या दहावीची वाट बघणार नाहीये, आणि बाळासाठी लागणारं बरंचसं दोन महिन्यांत शिकवून होतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, आयांना शिकवलं, घरी जाऊन बाळं तपासली, आणि नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले (1999 साली लॅन्सेटमध्ये छापून आलंय).

तर सुरुवात सासूपासून करा. खरंच. शिकलेली सून "दवाखान्यात जाऊया" म्हणाली की घर ऐकतं, न शिकलेलीचं कोणी ऐकत नाही, म्हणून दोघींना एकत्रच बसवा, आणि सासूबाईंना चुकीचं ठरवू नका, त्यांनी जी बाळं वाढवली ती विचारा आणि जी गेली तीही विचारा. तिथून बोलणं आपोआप सुरू होतं.

एका वेळी एकच गोष्ट सांगायची. जन्मल्यावर तासाभरात छातीला लावायचं, चीक फेकायचा नाही, मध-घुटी काही नाही. पहिला दिवस आंघोळ नाही, पुसून कोरडं करून टोपी घालून आईच्या अंगाला अंग. नाळेला हळद, तेल, राख काही लावायचं नाही. सांगून झालं की "समजलं का" विचारू नका, सगळ्याच हो म्हणतात. "आता तू मला सांग" म्हणा, उशीला टोपी घालून करून दाखवायला लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, श्वास मोजणं. बाळ शांत असताना पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं, 60 किंवा जास्त आले तर परत मोजायचं, परत तेवढेच आले तर लगेच दवाखाना. साठपर्यंत मोजता येत नसेल तरी अडत नाही, बंग यांनी सुईणींसाठी मण्यांचं साधन केलं होतं, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मी हरभरे वापरते. एका घरी आजींना वीसच्या पुढे मोजता येत नव्हतं, त्या सुपात सहा हरभरे घेऊन बसल्या, दहा श्वास झाले की एक हरभरा उजवीकडे, मी मोबाईलवर मिनिट लावलेलं. मिनिट संपायच्या आत सहावा सरकला. परत मोजलं, परत तेच, आणि आजी स्वतःच उठून म्हणाल्या गाडी बोलवा. बाळ त्याच दुपारी ॲडमिट झालं आणि वाचलं.

बाकीच्या खुणा पण पाठ करून घ्या: दूध ओढत नाही, अंग गार किंवा तापलेलं, छाती आत ओढली जाते, झटके, मलूल पडलंय, तळहात-तळपाय पिवळे. यातलं एकही दिसलं तर रात्र असो की पाचवीची पूजा, थांबायचं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी असेल तर माहेरच्या गावच्या आशाताईंना आधीच कळवून ठेवा, नाहीतर बाळ दोन गावांच्या मधे सुटतं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी येतात, घरी झालं तर पहिल्या दिवशीही. कॅलेंडरवर गोल करून द्या.

आणि फोन. नंबर भिंतीवर मोठा लिहा, 102 आणि 108, पण बऱ्याच घरी मोबाईल नवऱ्याचा असतो आणि लॉक असतो, तेव्हा त्याचा पॅटर्न तिला तुमच्यासमोर चार वेळा काढायला लावा.