तीन पॉइंट दहा: व्हर्जन, अपडेट आणि वॉर्निंग वाचायला मी कशी शिकले

नोकरीचा दुसरा महिना होता. काम मिळालं ते ऐकायला किरकोळ होतं: प्रोजेक्ट पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या ३.९ व्हर्जनवर चालतोय, तो ३.१० वर न्यायचा. टेस्ट चालवणाऱ्या यामल फाइलमध्ये (सेटिंग लिहायची मजकूर फाइल) मी ३.९ खोडलं, ३.१० लिहिलं आणि कमिट केलं. दोन मिनिटांत लाल खूण आली. लॉग म्हणत होता, पायथन ३.१ सापडत नाही. फाइल पुन्हा उघडली, तर तिथे नीट ३.१० च लिहिलेलं. पायथन ३.१ तर २००९ सालचं, ते इथे कुठून आलं? कॅशे साफ कर, नवी ब्रांच काढ, पुन्हा चालव, असं करत अर्धा दिवस गेला.

शेवटी टीममधल्या एका सीनिअर बाईंना स्क्रीन दाखवली. त्यांनी एक ओळ वाचली आणि म्हणाल्या, "अगं, अवतरणचिन्हं कुठायत? यामलला तो दशांश अपूर्णांक वाटला. अपूर्णांकात शेवटच्या शून्याला किंमत नसते, त्यामुळे ३.१० चं झालं ३.१. हा आकडा नाहीये, नाव आहे. नावासारखं लिही."

अवतरणचिन्हं घातली आणि ती एरर गेली. व्हर्जनमधलं टिंब म्हणजे दशांशचिन्ह नव्हे. टिंबांच्या मधला प्रत्येक तुकडा हा स्वतंत्र पूर्णांक असतो आणि तुलना डावीकडून एकेका तुकड्याची होते. म्हणून ३.९ नंतर ३.१०, मग ३.११. वाचतानाही 'तीन पॉइंट दहा' असंच वाचायची सवय लावा, 'तीन पॉइंट एक शून्य' नको. स्क्रिप्टमध्ये व्हर्जनची यादी साध्या अक्षरक्रमाने लावली की १.१० हे १.९ च्या आधी जाऊन बसतं आणि 'सगळ्यात नवं घे' म्हटल्यावर जुनंच उचललं जातं. व्हर्जनची तुलना करणारं तयार फंक्शन जवळपास प्रत्येक भाषेत मिळतं. ते वापरा.

आता त्या तुकड्यांचा अर्थ. सिमँटिक व्हर्जनिंग नावाचा एक नियमसंच आहे आणि बऱ्याच लायब्रऱ्या तो पाळतात किंवा पाळतो असं सांगतात. २.४.७ मध्ये २ हा मेजर, ४ हा मायनर, ७ हा पॅच. पॅच वाढला तर फक्त दुरुस्ती झाली. मायनर वाढला तर काही नवं आलं, पण जुनं चालू राहील. मेजर वाढला तर तुमचा जुना कोड मोडू शकतो. लिहिणाऱ्याने वापरणाऱ्याला दिलेला हा शब्द आहे. सुरुवातीला शून्य असेल, म्हणजे ०.६.२ वगैरे, तर तो शब्द अजून दिलेलाच नाही, काहीही कधीही बदलू शकतं. मागे अल्फा, बीटा किंवा आरसी (रिलीज कँडिडेट) लागलं असेल तर ते अंतिम रिलीजच्या आधीचं असतं. क्रमवारीत २.०.०-आरसी.१ हे २.०.० च्या खाली येतं.

पण हा नियम सगळ्यांना लागू नाही, आणि नवी मुलं इथेच जास्त अडखळतात. उबुंटू या लिनक्सवर आधारलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमचं २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल, तारीखच ती. लिनक्स कर्नलचं २.६.३९ नंतर २०११ मध्ये थेट ३.० झालं. तेव्हा लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्सने उघड सांगितलं होतं की आत फार मोठं काही बदललेलं नाही, नंबर मोठा झाला म्हणून बदलला. डोनाल्ड कनूथ या संगणकशास्त्रज्ञाचं टेक हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर तर प्रत्येक दुरुस्तीला पाय (π) च्या किमतीचा एकेक अंक पुढे जोडतं. २०२१ मध्ये ते ३.१४१५९२६५३ वर पोहोचलं. आणि आमच्या कामाला थेट लागू असलेली गोष्ट म्हणजे पायथन स्वतः सिमँटिक व्हर्जनिंग पाळत नाही. तिथे मधला आकडा वाढतानाही जुन्या गोष्टी काढून टाकल्या जातात, आधी निदान दोन रिलीज वॉर्निंग देऊन. '३ तसाच आहे, म्हणजे सगळं चालेल' हा माझा हिशेब मुळातच चुकीचा होता. नंबर वाचण्याआधी त्या प्रोजेक्टची रीत कोणती, ते विचारायचं.

तर अवतरणचिन्हं घातल्यावर टेस्ट सुरू झाल्या आणि पुन्हा कोसळल्या. या वेळी एरर अशी होती: 'कलेक्शन्स' मधून 'मॅपिंग' इम्पोर्ट करता येत नाही. आमच्या कोडमध्ये ही ओळ नव्हती. ट्रेसबॅक, म्हणजे एरर कुठून कुठे आली ती ओळींची साखळी, खालून वर वाचत गेले तेव्हा दिसलं, एका जुन्या डिपेंडन्सीच्या, म्हणजे आमचा कोड ज्यावर अवलंबून होता अशा बाहेरच्या लायब्ररीच्या आत ती होती. (पायथनचा ट्रेसबॅक खालून वाचायचा, खरी एरर शेवटच्या ओळीत असते. जावामध्ये वरची ओळ पाहायची आणि मग सगळ्यात खालचं 'कॉज्ड बाय' शोधायचं. हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.)

त्याच बाईंनी मग मला आदल्या आठवड्याचा, म्हणजे ३.९ वरचा, पास झालेला रन उघडायला सांगितला. शेवटची ओळ होती: सगळ्या टेस्ट पास, ३८ वॉर्निंग. तो ३८ मी रोज पाहत होते. "आता वर जा आणि वाच," त्या म्हणाल्या. वाचलं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं की एबीसी (मॅपिंगसारखे पायाभूत क्लास) हे 'कलेक्शन्स.एबीसी' ऐवजी 'कलेक्शन्स' मधून घेणं पायथन ३.३ पासून डेप्रिकेटेड आहे आणि ३.१० मध्ये ते चालायचं बंद होईल. फाइलचं नाव होतं, ओळ क्रमांक होता, कोणत्या व्हर्जनला मोडणार तेही होतं. ज्या एररने माझी दुपार खाल्ली, तिची आगाऊ सूचना कितीतरी दिवस माझ्या डोळ्यांसमोर होती.

या एका वॉर्निंगचा इतिहास मी नंतर खोदून काढला. पायथन ३.७ मधला मजकूर म्हणत होता, हे ३.८ मध्ये बंद होईल. ३.८ आलं, काही मोडलं नाही, आणि मजकुरात आता ३.९ होतं. ३.९ मध्येही पायथन २ सोडून येणाऱ्यांसाठी शेवटची एक संधी म्हणून मुदत वाढवली गेली आणि मजकुरात ३.१० आलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये ३.१० आलं तेव्हा मात्र ते खरोखर काढून टाकलेलं होतं. मुदत दोनदा पुढे गेली की तिसऱ्यांदाही जाईल असं माणूस धरून चालतो. त्या डिपेंडन्सीच्या लेखकाने तसंच धरलं असावं. आम्हीही.

'डेप्रिकेटेड' या शब्दाबद्दल थोडं. त्याचा अर्थ 'बिघडलंय' असा घेऊ नका. आज चालतंय, पण यावर नवं काही बांधू नका आणि जुनं हलवायला लागा, एवढंच तो सांगतो. अशा प्रत्येक वॉर्निंगला तीन प्रश्न विचारावेत: ही कोण बोलतंय, आमचा कोड की डिपेंडन्सी? कधीपासून बोलतंय? आणि कोणत्या व्हर्जनला मोडणार? डिपेंडन्सी बोलत असेल तर आधी तिचं नवं व्हर्जन पाहायचं, बहुतेकदा तिथे ते दुरुस्त झालेलं असतं. आमचंही तसंच निघालं, एक मायनर अपडेट आणि काम संपलं. एवढ्या वॉर्निंग बघून घाबरायचंही कारण नाही. आमच्या त्या ३८ एकत्र करून पाहिल्या तर प्रकार चारच होते, बाकी सगळी पुनरावृत्ती.

हे लक्षात असू द्या की पायथन डेप्रिकेशनच्या बऱ्याच वॉर्निंग एरवी दाखवतच नाही. टेस्ट चालवणारं पायटेस्ट हे टूल त्या शेवटी गोळा करून दाखवतं म्हणून आम्हाला दिसल्या. प्रॉडक्शनचा लॉग शांत आहे याचा अर्थ वॉर्निंग नाहीत असा होत नाही.

लॉगच्या पातळ्यांचंही असंच आहे. सिसलॉग या लिनक्ससारख्या सिस्टिमवरच्या लॉग लिहायच्या पद्धतीत ० ते ७ अशा आठ पातळ्या असतात आणि आकडा जितका लहान तितकी गोष्ट गंभीर: ० म्हणजे इमर्जन्सी, ३ एरर, ४ वॉर्निंग, ७ डीबग. पायथनच्या लॉगिंगमध्ये बरोबर उलट, डीबग १०, वॉर्निंग ३०, एरर ४०, क्रिटिकल ५०. दोन्ही एकाच डॅशबोर्डवर ओतली आणि 'चारपेक्षा मोठं ते दाखव' असा फिल्टर लावला तर काय होईल याचा विचार करा. शिवाय पायथनची मूळ सेटिंग वॉर्निंगपासून वरचं तेवढं दाखवते. 'मी इन्फो लिहिलं पण लॉगमध्ये येत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

आणि पातळी हा लिहिणाऱ्याचा अंदाज असतो. एखादी एरर रोज येते आणि कुणाचंही काही अडत नाही. एखादी साधी वॉर्निंग, 'पुन्हा प्रयत्न करतोय' म्हणणारी, दिवसाला दहा वेळा यायची ती आज मिनिटाला दहा वेळा येतेय. मी दुसरीकडे आधी धावते. मजकूर कालचाच असतो, बदललेला असतो तो वेग, म्हणून ओळी मोजाव्या लागतात. गडबड झाल्यावर शेवटची एरर वाचण्याऐवजी पहिली शोधा, कारण पुढच्या बऱ्याचशा तिचेच पडसाद असतात. वेळ पाहताना तो यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) आहे की स्थानिक, हे आधी ठरवा. भलत्याच तासातला लॉग मी एकदा बराच वेळ वाचत बसले होते.

अपडेटबद्दल सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते बॅकपोर्टबद्दल, म्हणजे नवी दुरुस्ती जुन्या व्हर्जनमध्ये आणून घालण्याबद्दल, कारण ते कोर्समध्ये कुणी शिकवत नाही. काही महिन्यांनी मला सिक्युरिटी स्कॅनचा रिपोर्ट मिळाला: सर्व्हरवरच्या एका लायब्ररीचं व्हर्जन जुनं, धोकादायक, ताबडतोब बदला. मी मूळ सोर्स डाउनलोड करून नवं व्हर्जन हाताने बसवायला निघाले होते. तेव्हा मला हार्टब्लीडचं उदाहरण सांगण्यात आलं. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंत तो दोष होता आणि ७ एप्रिल २०१४ ला आलेल्या १.०.१जी मध्ये दुरुस्त झाला. पण डेबियन ७ (लिनक्सचं एक डिस्ट्रिब्युशन) वाल्यांना दुरुस्ती मिळाली ती १.०.१ई-२+डेब७यू५ या नावाने. पुढचा भाग पाहिला तर 'ई', म्हणजे दोष असलेलं. शेपूट वाचलं तर दुरुस्त. डिस्ट्रिब्युशनवाले स्थिर रिलीजमध्ये मूळ व्हर्जन तसंच ठेवतात आणि फक्त दुरुस्ती उचलून त्यात घालतात. नंबरचा पुढचा भाग बघून निकाल देणारं स्कॅनर इथे फसतं. पॅकेजचा चेंजलॉग उघडायचा आणि त्यात त्या दोषाचा सीव्हीई क्रमांक (सुरक्षेच्या दोषाला मिळणारा जाहीर क्रमांक) शोधायचा. आमच्या पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये तो होता. हाताने बसवलं असतं तर पुढच्या सगळ्या दुरुस्त्या आपोआप यायच्या बंद झाल्या असत्या.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी. पॅकेज अपडेट झालं, नंबर बदलला, तरी आधीपासून चालू असलेली प्रोसेस मेमरीतली जुनीच लायब्ररी वापरत राहते. ती रीस्टार्ट होईपर्यंत दुरुस्ती फक्त डिस्कवर असते. आणि डेबियन-उबुंटूवर 'ॲप्ट अपडेट' काहीच बसवत नाही, उपलब्ध पॅकेजची यादी तेवढी ताजी करतो. बसवतो तो 'ॲप्ट अपग्रेड'.

लॉगफोरजे ही जावाची लॉग लिहिणारी लायब्ररी, तिचं डिसेंबर २०२१ मधलं प्रकरण अभ्यासासारखं वाचा. सीव्हीई-२०२१-४४२२८, तीव्रता दहापैकी दहा. २.१५.० आलं, त्यात उणीव निघाली म्हणून २.१६.०, मग २.१७.०, मग २.१७.१, सगळं तीन आठवड्यांच्या आत. २.१५.० बसवून 'झालं' असं लिहून टाकलेल्यांना पुन्हा बसावं लागलं. त्याहून अवघड म्हणजे ही लायब्ररी आपल्याकडे आहे हेच अनेकांना माहीत नव्हतं. ती दुसऱ्या कुठल्यातरी लायब्ररीच्या पोटातून आलेली होती. म्हणून लॉक फाइल, म्हणजे कोणती लायब्ररी कोणत्या व्हर्जनची बसली याची पूर्ण यादी, कमिट करा आणि कधीतरी ती पूर्ण वाचून काढा.

रोजच्या अपडेटसाठी माझी रीत साधी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रिलीज नोट्समधला ब्रेकिंग चेंजेसचा भाग आधी वाचायचा. मागे कसं यायचं ते पुढे जाण्याआधी लिहून ठेवायचं, विशेषतः डेटाबेसची रचना बदलत असेल तर, कारण कोड मागे नेला तरी डेटा आपोआप मागे येत नाही. सुरक्षेच्या दुरुस्तीला मात्र उशीर करायचा नाही.

पुढे आम्ही ३.१२ वर गेलो तेव्हा टेस्टच्या शेवटी नवी वॉर्निंग दिसली: 'डेटटाइम' मधलं आत्ताची यूटीसी वेळ देणारं 'यूटीसीनाऊ' डेप्रिकेटेड आहे, पुढच्या कुठल्यातरी व्हर्जनमध्ये काढलं जाईल. या वेळी व्हर्जनचा आकडाच नव्हता. टीममध्ये कुणीतरी म्हणालं, मग घाई कशाला? मी त्याच आठवड्यात ते काम अंगावर घेतलं. बदल एका ओळीचा वाटत होता, पण नव्या पद्धतीने मिळणाऱ्या वेळेला टाइमझोन चिकटलेला असतो आणि डेटाबेसमधून येणाऱ्या आमच्या जुन्या वेळांना तो नव्हता. दोन्हींची तुलना केली की टाइप एरर. अशा अकरा जागा निघाल्या. कुणीही मागे लागलेलं नव्हतं, त्यामुळे त्या अकराही जागा एकेक करून, टेस्ट लिहून बदलता आल्या.