कॅथलिक लव्हस्टोरी लिहायचीय? मग चर्चला फोटोपुरतं ठेवू नका

कॅथलिक रोमान्स आवडीने वाचणारे लोक त्यात नेमकं काय शोधतात हे आधी डोक्यात पक्कं करा, मग बाकीचं सोपं जातं. बऱ्याच जणांना वाटतं की त्यांना फक्त घरच्यांसमोर वाचता येईल अशी साधीसोज्वळ गोष्ट हवी असते, पण तेवढंच हवं असेल तर ती कुठेही मिळते की. या गोष्टींत दोघांच्या प्रेमात देवाचाही हक्काचा वाटा असतो, तो कधी थांब म्हणतो, कधी पुढे ढकलतो, आणि त्याने दोघांचे निर्णय खरोखर बदलतात. तुमच्या कथेतून श्रद्धा काढून बघा, प्लॉट जसाच्या तसा उभा राहिला तर कथा परत लिहायला घ्या.

सुरुवातीला बायबलमधलं तोबितचं पुस्तक वाचा. कॅथलिक बायबलमध्ये ते आहे, प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही, त्यामुळे खूप जणांना माहीतच नसतं. साराची सात लग्नं झालीत आणि सातही नवरे लग्नाच्या रात्रीच मेलेत, आता आठवा तोबिया आलाय. रात्री दोघं खोलीत जातात, तोबिया तिला उठवतो, म्हणतो चल आधी प्रार्थना करू, आणि त्याच वेळी बाहेर तिचा बाप नोकरांना घेऊन जावयासाठी खड्डा खणतोय! मग दासीला आत बघायला पाठवतात, दोघं शांत झोपलेले, आणि बाप म्हणतो उजाडायच्या आत खड्डा बुजवा. आता हे नीट बघा, प्रार्थना शोभेला आलेली नाही, त्या रात्री जगणं-मरणं त्याच्यावर आहे. तुमच्या कथेत प्रार्थनेचा सीन टाकताना स्वतःला एकच विचारा, आत्ता हिने प्रार्थना केली नाही तर काय बिघडेल? काहीच नाही असं उत्तर आलं तर सीन काढा.

खऱ्या जोडप्यांत मला सगळ्यात जवळचे लुई आणि झेली मार्टिन वाटतात, छोटी तेरेजा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फ्रेंच संत तेरेजाचे आईवडील. फ्रान्समधलं आलाँसों गाव, तो घड्याळजी, ती लेस विणणारी. त्याला मठात जायचं होतं पण लॅटिन येत नाही म्हणून घेतलं नाही, तिला सिस्टर व्हायचं होतं, तिलाही नाही म्हणाले. १८५८ मध्ये एका पुलावर भेट झाली, तीन महिन्यांत लग्न. सुरुवातीला दोघं भावाबहिणीसारखे राहिले, मग एका धर्मगुरूने समजावलं की संसार हेसुद्धा देवाचंच बोलावणं आहे, आणि पुढे नऊ मुलं झाली, त्यातली चार लहानपणीच गेली. २०१५ मध्ये दोघांना एकत्र संत घोषित केलं. इथे प्रेमाच्या आड येणारी गोष्ट चांगली आहे, देवाची ओढच आहे, आणि या प्रकारच्या कथेला असलाच अडथळा शोभतो. खलनायक आणि गैरसमज कुठल्याही सिरियलमध्ये मिळतात.

आता शरीराचं. लोक घाबरतात आणि हिरो-हिरॉइनला पुतळे करून टाकतात. गीतरत्न हे प्रेमकाव्य बायबलमध्येच आहे ना, आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ ते १९८४ या काळात बुधवारच्या प्रवचनांत शरीर आणि प्रेम हाच विषय लावून धरला होता. ओढ मनमोकळी लिहा, त्याच्या हाताकडे तिचं लक्ष जातं तर जाऊ द्या, लग्नापर्यंत थांबणं किती अवघड जातंय ते दिसलं तरच त्या थांबण्याला किंमत येते.

आपल्याकडची कथा असेल, समजा वसईची, तर खरी प्रोसिजर वापरा कारण ड्रामा तिथेच भरलेला आहे. लग्नासाठी नव्याने काढलेला बाप्तिस्म्याचा दाखला लागतो, आणि कॅथलिक माणसाचं चर्चमधलं लग्न त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीतही लिहितात, म्हणजे कुणी आधीचं लग्न लपवत असेल तर ते पॅरिशच्या, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या, ऑफिसच्या टेबलावर उघडं पडू शकतं. मग मॅरेज प्रिपरेशन कोर्स, रविवारच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, लग्नाची घोषणा, कुणाला अडचण माहीत असेल तर सांगा, आणि मागच्या बाकावर कुणीतरी मान खाली घालून बसलंय, अख्खं प्रकरण होतं त्याच्यावर. फेब्रुवारीत जमलं आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला तर घरचे साधारण ईस्टरनंतरचीच तारीख धरतात, तेवढ्या आठवड्यांत किती काय होऊ शकतं बघा. नोव्हेना, म्हणजे एखाद्या मागण्यासाठी सलग नऊ दिवस करायची प्रार्थना, घेतलीत तर नऊ दिवसांचा सांगाडा आयताच मिळतो, फक्त दहाव्या दिवशी मागितलेलं हातात पडलं असं करू नका, वाचकाने स्वतः नोव्हेना केलेल्या असतात, त्याला ते पटत नाही.

मुलगा हिंदू असेल तर धर्म बदल नाहीतर लग्न नाही, असा सीन सरसकट लिहितात, तो चुकीचा आहे. बिशपांची खास परवानगी घेऊन चर्चमध्ये लग्न होतं, आपली श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक वाढवण्यासाठी होईल ते सगळं करीन असं वचन कॅथलिक जोडीदार देतो, आणि दुसऱ्याला ते स्पष्ट सांगितलेलं असतं. विचार करा, ती सही करतेय आणि तो शेजारी बसून ऐकतोय, पुढच्या वीस वर्षांचा प्रश्न त्या एका सहीत आहे, आणि त्याच्या आईचं मनसुद्धा तितक्याच मायेने लिहा.

दोन चुका हमखास होतात. कन्फेशनमध्ये, म्हणजे पापांच्या कबुलीत, ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, अगदी भल्यासाठीही नाही, तेव्हा त्या मार्गाने गुपित फोडू नका. आणि 'फादरांनी लग्न लावलं' असं आपण बोलतो खरं, पण आपल्या लॅटिन, म्हणजे रोमन कॅथलिक, परंपरेत लग्नाचा हा साक्रामेंत, म्हणजे पवित्र संस्कार, नवरानवरी एकमेकांना देतात, फादर चर्चच्या वतीने साक्षी असतात. वेदीसमोरचा सीन लिहिताना कॅमेरा त्या दोघांवर ठेवा, तिचा आवाज कुठल्या शब्दाला अडकतो ते लिहा.

शेवट लग्नातच व्हायला हवा असं काही नाही. तो फादर व्हायला सेमिनरीत गेला तरी चालेल, पण ती ओढ पहिल्या प्रकरणापासून पेरा, नाहीतर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. ड्राफ्ट झाला की आधी पॅरिश ऑफिस सांभाळणाऱ्या माणसाला वाचायला द्या, दाखले-फॉर्मच्या चुका तोच पकडेल, आणि मग अशा कुणाला तरी द्या जिच्या लग्नाला तीस-चाळीस वर्षं झालीत आणि जी अजून नवऱ्यासोबत रोज संध्याकाळी रोझरी म्हणते.