बिडाला सोल्डर का चालत नाही, हे घरीच तपासा

शेजारच्या काकूंच्या शिलाई मशीनचं बिडाचं (म्हणजे ओतीव लोखंडाचं, कास्ट आयर्नचं) पायडल तडकलं. "तू रेडिओ झाळतोस, मग एवढं नाही होत?" असा त्यांचा सवाल. नुसतं नाही म्हणण्यापेक्षा दोन्ही धातू त्यांच्यासमोर मांडले. तुम्हीही मांडून बघा. नागपुरात सीताबर्डीतून ६०/४० ची सोल्डर तार, म्हणजे झाळकामाची तार, आणा (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) आणि इतवारीच्या लोहा ओळीतून बिडाचा एखादा तुटका तुकडा.

आधी घनता. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा. तुकडा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंमी तुकड्याचं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागा. बीड ७.२ च्या आसपास येतं, सोल्डर ८.५, तारेत फ्लक्स (झाळताना धातू साफ करणारा पदार्थ) असतो म्हणून थोडं कमी भरेल. किराण्यातलं जुनं वजन मात्र यासाठी घेऊ नका. त्याच्या पोटात शिसं ओतलेलं असतं, हिशेब चुकतो.

आता कानस फिरवा. सोल्डर कानशीच्या दातांत चिकटून बसतं. बिडाची काळी भुकटी पडते आणि बोटं पेन्सिलीसारखी काळी होतात. ते ग्रॅफाइट. बिडात २ ते ४ टक्के कार्बन असतो आणि राखाडी बिडात तो बहुतेक ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. तडा याच पापुद्र्यांवरून धावतो, म्हणून बीड वाकत नाही, थेट तुटतं. सोल्डर पकडत नाही तेही मुख्यतः यामुळेच: वितळलेलं कथील ग्रॅफाइटवर पसरत नाही, थेंब होऊन घरंगळतं. (शिशाला हात लागलाय, साबणाने धुवा.)

तिसरी गोष्ट उन्हाची, आणि नागपूरकरांनी ती नीट समजून घ्यावी. ६०/४० सोल्डर १८३ अंशांना वितळू लागतं, बीड साधारण ११५० ला. केल्विनमध्ये (सेल्सिअस अधिक २७३) मोजलं तर मे महिन्यातली ४५ अंशांची दुपार म्हणजे सोल्डरच्या वितळणबिंदूच्या सुमारे ७० टक्के. बिडाच्या जेमतेम २२. वितळणबिंदूच्या इतक्या जवळ धातू ढिला पडतो, म्हणून सोल्डर भाराखाली हळूहळू ताणत जातं. मीटरभर तार खिळ्याला टांगा, खाली अर्धा किलो बांधा, भिंतीवर पेन्सिलीने खूण करा आणि रोज बघा. काकूंना हेच सगळ्यात पटलं. पायडलवर तर अख्खा पाय पडतो.

तापल्यावर सोल्डर बिडाच्या दुपटीहून जास्त फुगतं, हेही आहेच. तडकलेल्या बिडाच्या तव्याला तर सोल्डर लावूच नका, शिसं पोटात जाईल.

पायडल शेवटी वेल्डिंगवाल्याकडे नेलं. "भाऊ, हे का टिनाचा डबा हाय काय झाळाले?" म्हणत त्याने आधी ते सावकाश तापवलं, निकेलच्या रॉडने जोडलं आणि राखेत पुरून ठेवलं, घाईने निवून पुन्हा तडकू नये म्हणून.