टीव्हीवरचं संमोहन बघायचं तर विंगेतून बघा

मी लाइटवाला. सांगली-मिरजेकडे नाटकं, ऑर्केस्ट्रा, गॅदरिंगं सगळी केली, आणि संमोहनाच्या प्रयोगांना एकाच प्रोफेसरांबरोबर अकरा वर्षं फिरलो. प्रोफेसर ही पदवी त्यांना पोस्टर छापणाऱ्याने दिली होती. त्यांनी ती नाकारली नाही इतकंच.

मुलगी लीड्सला असते. तिकडे गेलो तेव्हा नातवाने लॅपटॉपवर एक जुना ब्रिटिश गेम शो लावला आणि विचारलं, "आजोबा, हे खरं असतं का?" कार्यक्रमाचं नाव 'यू आर बॅक इन द रूम'. आयटीव्हीवर २०१५ ला आला, २०१६ ला दुसरा हंगाम झाला आणि संपला. सूत्रसंचालक फिलिप स्कोफिल्ड, संमोहनकार कीथ बॅरी नावाचा आयरिश माणूस. एकमेकांना न ओळखणारे पाच जण एक संघ म्हणून सोपे खेळ खेळतात आणि बक्षिसाची रक्कम जमवतात. मेख अशी की बॅरीने प्रत्येकाच्या डोक्यात वेगळीच सूचना घालून ठेवलेली असते, त्यामुळे हेच लोक आपल्याच पैशांवर पाणी ओततात. फेरी संपली की तो कार्यक्रमाच्या नावातलंच वाक्य म्हणतो आणि ही मंडळी भानावर येतात. ऑस्ट्रेलियातही २०१६ ला याची आवृत्ती निघाली.

नातवाला हो किंवा नाही असं एका शब्दात सांगता येईना. म्हणून असे कार्यक्रम बघायचे कसे, ते लिहून काढतो.

पहिलं काम, जे दाखवलेलं नाही ते आठवायचं. पडद्यावर पाच माणसं आली म्हणजे निवड आधीच उरकलेली आहे. आमच्याकडे ती प्रेक्षकांसमोर व्हायची आणि खरा प्रयोग तोच होता. हॉल भरला की प्रोफेसर सगळ्यांना उभं करत. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवा, हात डोक्यावर न्या, तळवे छताकडे, डोळे मिटा. मी हॉलचा उजेड हळूहळू उतरवायचो आणि स्टेजवर निळा चढवायचो. मग त्यांचा तो संथ आवाज: बोटं घट्ट होताहेत, आणखी घट्ट, आता सोडायचा प्रयत्न करा, सुटणार नाहीत. सहाशे लोकांत तीस-चाळीस जणांची खरंच सुटायची नाहीत. त्यांना वर बोलवायचं.

तीस जण खुर्च्यांवर माना टाकून बसले की प्रोफेसर मागून फिरायचे. प्रेक्षकांना वाटायचं, खांद्याला हात लावून मंत्र टाकताहेत. माझा स्टँड विंगेत, चार फुटांवर, त्यामुळे मला शब्द ऐकू यायचे. "छान चाललंय. असंच. जमत नसेल तर लाजू नका, हळूच खाली जाऊन बसा." ज्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दिसलं त्याला ते स्वतःच दंडाला धरून उठवायचे. दहा मिनिटांत तिसातले आठ उरायचे. त्या आठांकडून पुढचे दोन तास.

यात लबाडी नाही. सगळी माणसं सारखी संमोहित होत नाहीत, हे मानसशास्त्रज्ञांनी मोजलेलं आहे. अमेरिकेत स्टॅनफर्डला १९५९ मध्ये त्यासाठी बारा कसोट्यांची एक पट्टीच तयार झाली. साधारण दहातला एखादा फार चटकन सूचना घेतो, तितक्याच लोकांवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही आणि बाकीचे मधे कुठेतरी. टीव्हीवाले चटकन घेणारेच निवडून आणतात. तेव्हा "माझ्यावर चालेल का?" हा प्रश्न पडद्याकडे बघून सुटणार नाही.

दुसरं, कापाकापीवरून निवाडा करू नका. नातवाचा बाप म्हणाला, "बाबा, झोपवतानाचं पूर्ण दाखवतच नाहीत, म्हणजे सगळे नट असणार." तिकडे तेव्हा पुष्कळ प्रेक्षकांनी हाच आरोप केला होता. पण पूर्ण न दाखवण्याचं कारण वेगळं आहे. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या नियामकाच्या संहितेतच नियम आहे की संमोहनकाराची पूर्ण बोलणी प्रसारित करायची नाहीत आणि त्याला थेट कॅमेऱ्यात बघून प्रयोग करताना दाखवायचं नाही. घरी सोफ्यावर बसलेली एखादी मावशी डुलकी घेईल, ही भीती. आणि ती अगदीच हवेतली नव्हती. १९४६ मध्ये बीबीसीने पीटर कॅसन नावाच्या संमोहनकाराची प्रक्षेपण न करता आतल्या आत चाचणी घेतली, तर दुसऱ्या खोलीत पडद्यावर बघणारे कर्मचारीच पेंगले. बीबीसीने तो नाद सोडला. म्हणजे तिथे कात्री दिसली तर ती नियमाची आहे, तेवढ्यावरून खरं-खोटं ठरत नाही.

तिसरं, आणि हे जरूर करा: एक फेरी आवाज बंद करून बघा. संगीत, हशा, सूत्रसंचालकाची कॉमेंट, सगळं गेलं की माणसं उरतात. कॅमेरा ज्याच्यामागे धावतोय त्याला सोडा. तो हुकमी माणूस, आमच्या भाषेत 'प्रयोग उचलणारा'. कडेच्या माणसाकडे बघा. सूचना मिळाल्यावर तो क्षणभर थांबतो का? शेजारचा काय करतोय ते बघून मग सुरू होतो का? हशा पिकल्यावर त्याच्या अंगात जास्त येतं का? आमच्या स्टेजवर चौथ्या-पाचव्या खुर्चीवरचे लोक असेच असायचे. त्यांना सूचना अर्धी प्रोफेसरांकडून लागायची, अर्धी पब्लिककडून.

मिटलेल्या पापण्यांच्या फडफडीवरून पैज लावू नका. मी वर्षानुवर्षं ती जवळून बघितली आणि मला खरा-खोटा ओळखता आला नाही. प्रोफेसरांनाही येत नसे. अमेरिकेत मार्टिन ऑर्न या संशोधकाने काही जणांना मुद्दाम संमोहित झाल्याचं सोंग घ्यायला लावलं, आणि सराईत संमोहनकारही त्यांना हमखास ओळखू शकले नाहीत. एक मात्र पक्कं, ही झोप नव्हे. मेंदूचे आलेख जागेपणाचेच निघतात. 'झोपा' हा शब्द नुसता रिवाज आहे.

तो रिवाज पडायला आपल्याकडचाच एक माणूस बराचसा कारणीभूत. गोव्यात कांदोळीला १७५६ मध्ये जन्मलेले आबे फारिया १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करायचे आणि समोरच्याला हुकूम सोडायचे, झोप! पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे, रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला: हात पुढे केलेले, समोर कोसळणारी बाई. पुतळा नाट्यमय आहे, पण त्यांचं म्हणणं उलटं होतं. माझ्यात कसलीही शक्ती नाही, जे घडतं ते झोपणाऱ्याच्या मनात घडतं, हे ते तेव्हा सांगत होते. मग एका नटाने त्यांच्यासमोर संमोहित झाल्याचं सोंग केलं, ऐनवेळी डोळे उघडले आणि त्यांचं हसं केलं. संमोहित झालेल्यांना नट म्हणून हिणवायची रीत दोनशे वर्षं जुनी आहे ती अशी.

चौथं, फेरीनंतरच्या गप्पा ऐका, आता आवाज मोठा करून. "मला काहीच आठवत नाही" असं ठासून सांगणाऱ्यापेक्षा "कळत होतं, पण हात थांबेना" म्हणणाऱ्यावर मी जास्त विश्वास ठेवतो. संमोहनाचा अनुभव घेतलेले लोक जे सांगतात ते बहुतेक याच चालीचं असतं. आणि पैसे का घालवतात म्हणाल, तर दिव्याखाली उभं राहिलेल्या माणसाला मी ओळखतो. हजार डोळे आपल्यावर असताना ते हसतात, त्यापुढे पाचांत वाटून येणारी रक्कम कुणाला आठवते! हे माझं मत, शास्त्र नव्हे.

पाचवं: घरी करून बघू नका, विशेषतः माणसाचा पूल. दोन खुर्च्या, एकीवर खांदे, दुसरीवर पोटऱ्या, मधे माणूस ताठ. हा प्रकार गावोगाव टाळ्या घ्यायचा. एकदा पावसाळ्यात तालुक्याच्या गावी प्रोफेसरांना मनासारखा गडी मिळेना. त्यांनी विंगेकडे बघून मलाच बोलावलं. आडवा झालो. ते म्हणाले, हा आता पोलाद आहे. माझं सगळं लक्ष डावीकडच्या दिव्याकडे, त्याच्या जिलेटिनला, म्हणजे दिव्यापुढच्या रंगीत कागदाला, करपल्याचा वास येत होता आणि तिथे उठून जायला कुणी नव्हतं. पूर्ण शुद्धीत होतो. अंग ताठ धरलं, बस. पोटावर एक शाळकरी पोरगं बसवलं, हॉल टाळ्यांनी दणाणला, आणि चार दिवस कमरेला गरम पाण्याची पिशवी. धडधाकट माणूस कसल्याही संमोहनाशिवाय हे करू शकतो. पाठ मात्र त्याची स्वतःची असते. ब्रिटनमध्ये १९५२ पासून रंगमंचीय संमोहनाला कायदा आहे, स्थानिक परवाना लागतो, अठराच्या आतल्यांना घेता येत नाही. परवान्याच्या नमुना अटींत हा दोन आधारांवरचा पूलही मना आहे. प्रयोगात दिलेली प्रत्येक सूचना माणूस घरी जायच्या आत काढून टाकायची, हेही तिथे लिहिलेलं. आमच्या प्रोफेसरांची हीच एक गोष्ट मला आवडायची. शेवटच्या माणसाला दोनदा विचारल्याशिवाय ते पडदा पाडू देत नसत.

एक कबुली राहिली. हातांच्या परीक्षेच्या वेळी मी कधीकधी विंगेत, अंधारात, उगाच बोटं गुंतवून बघायचो. बघायला कुणी नाही, टाळ्या नाहीत. एका रात्री खरंच सुटेनात. दोनेक सेकंद असेल. तेवढ्यात प्रोफेसरांनी उजेडाची खूण केली आणि डिमरकडे हात गेला.

प्रयोग संपल्यावर केबल गुंडाळायला बसलो की खाली पाठवलेल्यांपैकी कुणीतरी पोरगा हमखास घुटमळायचा. "दादा, मला का काढलं? मी तर डोळे मिटूनच होतो."

मी सांगायचो, "तुला हसू फुटलं."

"नाही हो," तो म्हणायचा, आणि परत हसायचा.